आईच्या मशीनवरची ११८

प्रश्न : मी बत्तीस वर्षांची असून पिंपरी-चिंचवडमध्ये नोकरी करते. मुलगा आता तीन वर्षांचा होईल. त्याचा पहिला वाढदिवस झाल्यापासून सासूबाईंनी दुसऱ्याचा धोशा लावला आहे. पाहुणे आले की त्यांच्यासमोर विषय काढतात आणि धाकट्या जावेला दुसरी मुलगी झाल्यापासून तर हे रोजचेच झाले आहे. यजमान चांगले आहेत, कधी जबरदस्ती करत नाहीत. ‘तुझा निर्णय’ म्हणतात, पण आईसमोर गप्प बसतात. मलाही दुसरे मूल हवे आहे, मात्र येत्या मार्चमध्ये बढतीची शक्यता असल्याने तोवर थांबावे असे वाटते. तशी अडचण काही नाही. पहिल्या वेळी सातव्या महिन्यात साखर निघाली होती आणि शेवटी इन्सुलिन घ्यावे लागले, पण बाळंतपणानंतर ती लगेच गेली. डॉक्टरांनी दीड महिन्याने परत तपासायला सांगितले होते, ते बाळाच्या गडबडीत राहून गेले. मागच्या गौरी-गणपतीला सांगलीला माहेरी गेले असताना आई सकाळी तिची साखर बघत होती, तिने माझीही सहज बघितली, तर ११८ आली. म्हणजे तो प्रश्न मिटला. सासूबाईंना न दुखावता मार्चपर्यंत कसे थोपवावे, ते कृपया सांगावे.
– एक त्रस्त सून

उत्तर : सासूबाईंची घाई तुम्हाला जाचते, हे पत्राच्या ओळीओळीत दिसते. मला मात्र तुमचा निवांतपणा अधिक जाचला. पाहुण्यांसमोर काढलेला विषय, जावेची दुसरी मुलगी, यजमानांचे गप्प बसणे हे सगळे तुम्ही तपशिलाने लिहिले आहे आणि ज्या गोष्टीसाठी खरोखर कोणीतरी तुम्हाला हलवून जागे करायला हवे होते, ती चार वाक्यांत गुंडाळून ‘तो प्रश्न मिटला’ असा शेराही मारून ठेवला आहे. तो मिटलेला नाही. तो तुम्ही अजून नीट विचारलेलाच नाही.

आधी त्या ११८चा हिशेब करू. तुमच्या आई सकाळी स्वतःची साखर बघत होत्या, असे तुम्ही लिहिता. मधुमेह असलेले माणूस सकाळी मशीन काढते ते बहुधा चहाच्या आधी, उपाशीपोटीची साखर पाहण्यासाठी. मग त्या सकाळी तुम्ही काही खाल्ले होते का? आदल्या दिवशीचा मोदक तोंडात टाकून मगच बोट पुढे केले होते, की नुकत्याच उठून आईंच्या शेजारी येऊन बसला होतात? पत्रात हे नाही आणि सगळे काही याच एका गोष्टीवर अवलंबून आहे. खाऊन झाल्यावर ११८ आली असेल तर आकडा चांगला आहे, पण त्यावरून उपाशीपोटीचे काहीच कळत नाही. उपाशीपोटी ११८ आली असेल, तर ती अजिबात चांगली नाही. उपाशीपोटीची साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी आणि १२६ पासून पुढे मधुमेह. काही डॉक्टर उंबरठ्याची रेघ १०० ऐवजी ११० वर ओढतात, पण तुमचा आकडा त्या सवलतीतही बसत नाही. शिवाय बोट टोचून साखर दाखवणारे घरचे मशीन हे ज्याचे निदान आधीच झालेले आहे त्याने रोजचा चढउतार पाहण्यासाठी असते. त्याच्या आकड्यात १५ टक्क्यांपर्यंतचा फरक प्रमाणित मानला जातो. म्हणजे तुमची खरी साखर त्या दिवशी शंभरीच्या आसपास असू शकेल किंवा १३० च्याही पुढे असू शकेल. एवढ्या ढिल्या पुराव्यावर तुम्ही दुसऱ्या बाळाचे वेळापत्रक आखायला बसला आहात.

‘बाळंतपणानंतर ती लगेच गेली’ हे तुमचे वाक्य बहुतेक सगळ्याच बायका म्हणतात आणि ते अर्धे खरे आहे. गरोदरपणात वारेतून स्रवणारी संप्रेरके शरीराला इन्सुलिनला दाद देऊ देत नाहीत. त्यामुळे स्वादुपिंडाला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त इन्सुलिन तयार करावे लागते. ज्यांच्या स्वादुपिंडात तेवढी ताकद शिल्लक असते त्यांची साखर वाढत नाही. तुमची वाढली, आणि इतकी वाढली की पथ्याने न भागता सुई घ्यावी लागली. वार पडली की तो जास्तीचा भार उतरतो आणि दोन-चार दिवसांत आकडे खाली येतात. मात्र कमी पडलेले स्वादुपिंड तेच राहते. पावसाळ्यात छत गळले आणि दिवाळीच्या उन्हात भिंतीवरची ओल वाळली, म्हणून कोणी छत दुरुस्त झाले असे म्हणत नाही. गरोदरपणी मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या तुलनेत सुमारे दहापट असतो, असे २०२० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १३ लाखांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिसले. त्यातही ज्यांना इन्सुलिन लागले आणि ज्यांच्या आई-वडिलांना मधुमेह आहे, त्यांचा धोका आणखी वरचा. तुमच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी आहेत आणि त्या तुम्हीच मला लिहून कळवल्या आहेत.

आता दीड महिन्याच्या त्या राहून गेलेल्या तपासणीकडे येते. डॉक्टरांनी ती उगीच सांगितली नव्हती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ही तपासणी करावी, असे स्पष्ट म्हटले आहे. बाळाच्या गडबडीत ती राहिली, हे कारण मला पटत नाही. दीड महिन्याला बाळाला पेंटाव्हॅलेंट आणि पोलिओचे डोस असतात आणि ते तुम्ही चुकवले असतील असे मला मुळीच वाटत नाही. बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये हा माहेरचा नियमही त्या आधीच संपलेला असतो. म्हणजे त्याच आठवड्यात, बाळाला दुपट्यात गुंडाळून, रिक्षा करून तुम्ही दवाखान्यात गेलाच होतात. बाळाला सुई टोचून, रडणे शांत करून घरी आलात आणि स्वतःचा हात पुढे करायचा तेवढा राहिला. यात कुणा एकाचा दोष काढणे अवघड आहे, हे मी मान्य करते. बाळंतपण बहुधा माहेरी सांगलीला झाले असेल, घर पिंपरी-चिंचवडला. प्रसूतीच्या डॉक्टरांचे काम टाके निघाले की संपते, बाळाचे डॉक्टर बाळ पाहतात, आणि तापासाठी ज्यांच्याकडे तुम्ही जाता त्या डॉक्टरांना तुमच्या गरोदरपणातले काही माहीतच नसते. या तिघांच्या मधल्या फटीत हजारो बायका पडतात. पण त्या फटीत तीन वर्षे बसून राहणे, आणि एकदा मशीनचा आकडा पाहून तिथेच अंथरूण टाकणे, हे मात्र तुमचे स्वतःचे आहे.

यजमान चांगले आहेत, असे तुम्ही म्हणता. असतील. परंतु रोज पोटावर सुई टोचून घेणारी बायको ज्याने कित्येक आठवडे पाहिली, त्याला तीन वर्षांत एकदाही ‘ती साखरेची तपासणी झाली का?’ असे विचारावेसे वाटू नये, या चांगुलपणाचे मला फारसे कौतुक वाटत नाही. ‘तुझा निर्णय’ हे ऐकायला उदार वाटते. प्रत्यक्षात ज्या माहितीवर तो निर्णय घ्यायचा ती दोघांपैकी कोणाकडेही नाही आणि ती मिळवण्याचे काम सोयीस्करपणे तुमच्या एकटीवर आले आहे.

तेव्हा एकच गोष्ट करा आणि ती येत्या शनिवारी करा. चांगल्या लॅबमध्ये जाऊन ७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची पूर्ण तपासणी करून घ्या. गरोदरपणी बहुधा तुमची तपासणी खाऊनपिऊन, कोणत्याही वेळी गेलात तरी झाली असेल, चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांच्या आग्रहामुळे आपल्याकडे रूढ झालेली ती पद्धत लांबून उपाशी येणाऱ्या गर्भवतींसाठी फार सोयीची आहे, पण आताची तपासणी तशी चालत नाही. आदले तीन दिवस नेहमीप्रमाणे पोळी-भात खा. रिपोर्ट चांगला यावा म्हणून भात सोडण्याची हुशारी करू नका, त्याने निकाल उलट बिघडतो. रात्री जेवल्यानंतर किमान आठ तास पाण्याशिवाय काही घेऊ नका. सकाळी एकदा रक्त घेतील, मग सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात कालवलेले ग्लुकोज पाच मिनिटांत प्यायला देतील आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घेतील. ते पाणी भयंकर गोड लागते आणि मळमळते. उलटी झाली तर तपासणी बाद होते आणि ती दुसऱ्या दिवशी नव्याने करावी लागते, म्हणून घोट घोट घ्या, पण पाच मिनिटांच्या आत संपवा. ते दोन तास तिथेच बसून काढायचे आहेत. मधल्या वेळात खाली जाऊन चहा घेणे नाही, बाजारहाट करून येणे नाही. मुलाला त्या सकाळी त्याच्या वडिलांकडे ठेवा.

लॅबवाले म्हणतील की, कशाला एवढा त्रास, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी करा, उपाशी राहायला नको. ती हवी तर सोबत करा, पण या तपासणीच्या जागी नको. रक्तात लोह कमी असले की तो आकडा फसवतो, आणि आपल्याकडच्या बायकांत लोहाची कमतरता किती आहे हे मी सांगायला नको. नुसती उपाशीपोटीची साखर करून घेऊन येण्यानेही भागणार नाही, कारण अनेकींची उपाशीपोटीची साखर ठीक असते आणि दोन तासांनंतरची वर गेलेली असते. दोन तासांनंतरचा आकडा १४० च्या आत हवा. १४० ते १९९ म्हणजे उंबरठा, २०० किंवा अधिक म्हणजे मधुमेह. मला काही त्रासच होत नाही, असे म्हणून टाळू नका. या टप्प्यावर बहुतेकींना काहीही होत नसते.

आणि हे दुसऱ्या बाळाच्या आधीच का, तर बाळाचे हृदय आणि मज्जारज्जू पहिल्या काही आठवड्यांतच घडतात. मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी जेमतेम दोन आठवडे पुढे गेली आहे एवढेच कदाचित तुमच्या लक्षात आलेले असेल. त्या दिवसांत आईची साखर मधुमेहाइतकी चढलेली असेल तर बाळात व्यंग राहण्याचा धोका वाढतो. पहिल्या वेळी साखर सातव्या महिन्यात निघाली, म्हणजे बाळाचे अवयव घडून गेल्यानंतर. या वेळी ती आधीपासूनच असेल, तर डॉक्टरकडे पहिली भेट होईपर्यंत उशीर झालेला असेल. म्हणून रिपोर्ट हातात येईपर्यंत दिवस राहणार नाहीत याची काळजी घ्या. मधुमेह निघालाच, तर साखर आटोक्यात आणून, लागतील ती औषधे बदलून आणि फॉलिक ॲसिड सुरू करून मग पुढे जाता येते. असंख्य मधुमेही स्त्रियांना निरोगी मुले झाली आहेत, ती अशी आधी तयारी केल्यामुळे. उंबरठ्यावर असाल, तर ती मी खरोखर चांगली बातमी मानते. अमेरिकेतील ‘डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’मध्ये तुमच्यासारख्याच स्त्रियांनी वजन सात टक्क्यांनी उतरवण्याचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्याचे लक्ष्य ठेवून आहार-व्यायाम सांभाळला, तेव्हा दहा वर्षांत मधुमेहाचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाच्या गोळ्यांनी साधारण ४० टक्क्यांनी. गोळी घ्यायची की नाही हे तुमचे डॉक्टर ठरवतील.

सगळे आकडे ठीक आले, तरी हे प्रकरण बंद होत नाही. साधारण दर एक ते तीन वर्षांनी तपासणी करावी असे सांगतात. तुम्हाला इन्सुलिन लागले होते आणि आईंना मधुमेह आहे, म्हणून मी दरवर्षी करा असेच म्हणेन. पुढे दिवस राहिले की पहिल्याच भेटीत साखर तपासून घ्या, सातव्या महिन्याची वाट पाहू नका. सांगलीची फाइल कुरिअरने मागवा आणि ज्या कोणा डॉक्टरकडे जाल, मग ते दाताचे का असेनात, तिथल्या फॉर्मवर ‘गरोदरपणी मधुमेह होता, इन्सुलिन घेतले होते’ असे लिहा. ‘मधुमेह : नाही’ असे लिहून मोकळ्या होऊ नका.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. रिपोर्ट सासूबाईंना अडवण्यासाठी ढाल म्हणून वापरू नका; तो चांगला आला तर दुसऱ्याच दिवशी ढाल नाहीशी होईल, आणि वाईट आला तर तुमच्या प्रकृतीवर घरभर चर्चा सुरू होईल. बढतीसाठी मार्चपर्यंत थांबणे हे कारण पुरेसे आहे, त्याला आजारपणाची जोड लागत नाही. ते सासूबाईंना सांगायचे मात्र तुम्ही नाही. त्यांच्या मुलाने सांगायचे आहे, आणि तुम्ही लॅबमधून परत याल त्याच दुपारी.