विमानात ऑक्सिजनचे मास्क खाली आले तर काय जाणवते? सोबत वृद्ध माणूस असेल तर काय करावे?

आपल्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर कोणीही देईल. दुसऱ्यावरून मात्र आमच्या घरात 2018 पासून माझ्यावर आरोप आहे, म्हणून लिहिते.

त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये काशीयात्रा आटोपून आम्ही दिल्लीहून गोव्यात दाबोळीच्या विमानतळावर परतत होतो. मोपाचा विमानतळ तेव्हा सुरू व्हायचा होता, त्यामुळे आम्हां पेडणे तालुक्यातल्या लोकांना शापोरा, मांडवी आणि जुवारी अशा तीन नद्या ओलांडून दाबोळी गाठावी लागे. यजमान पलीकडच्या रांगेत होते, खिडकीपाशी सासूबाई आणि त्यांच्या शेजारी मी. सासूबाईंचे वय 76, विमानप्रवास दुसराच. उड्डाणानंतर चहाची गाडी आली, तेव्हा एका कपाला शंभर रुपये पडतात हे ऐकून त्यांनी हातात घेतलेला कप परत केला आणि ‘ह्यांचे काही घेऊ नको गो’ अशी मला ताकीद दिली.

पुढे तासाभराने कानांना दडे बसू लागले. स्फोट नाही, धूर नाही. एकाएकी डोक्यावरची झाकणे खटाखट उघडली आणि पिवळे पेले नळ्यांना लोंबकळू लागले. पाठोपाठ विमानाचे नाक खाली झाले, इंजिनांचा आवाज एकदम बसला आणि सगळे विमान थरथरू लागले. ‘इंजिने बंद पडली’ असे मागून कोणीतरी ओरडले, आणि ते मलाही खरे वाटले. दाबोळीच्या नौदल तळावर विमानांची देखभाल करून निवृत्त झालेल्या, आमच्या वाड्यावरच्या एका गृहस्थांनी नंतर उलगडून सांगितले की विमान लवकर खाली आणायचे तर इंजिनांची शक्ती कमी करावी लागते आणि वेग आवरण्यासाठी पंखांवरच्या झडपा उचलाव्या लागतात. थरथर त्यांची असते. पाच-सात मिनिटांत विमान दहा हजार फुटांपर्यंत आणले की मास्कची गरज उरत नाही. त्या काळात वैमानिक प्रवाशांशी फारसा बोलत नाही, कारण त्याला विमान सांभाळायचे असते आणि त्याच्याही तोंडावर मास्क असतो. पण ती शांतता पडण्याच्या भीतीपेक्षा वाईट होती, हे मी आजही सांगेन.

मी नळी ओढली आणि मास्क लावला. त्याची पिशवी फुगली नाही आणि वरून जळकट वास येऊ लागला. या दोन्ही गोष्टी ठीकच असतात. बहुतेक विमानांत हा ऑक्सिजन टाकीतून येत नाही. नळी ओढल्यावर वरच्या डबीत रासायनिक क्रिया होऊन तो तयार होतो, साधारण बारा ते पंधरा मिनिटे पुरतो, आणि त्या वेळी डबी चांगलीच तापते.

मग दुसरा मास्क मी सासूबाईंपुढे धरला. त्यांनी तो हाताने बाजूला सारला आणि म्हणाल्या, ‘नको, पैसे लावतील.’ माझ्या तोंडावर मास्क, त्यांच्या कानांना दडे. मी हातवारे करून ‘फुकट, फुकट’ सांगत होते आणि त्या मान हलवत होत्या. शेवटी यजमानांकडे बोट दाखवले, त्यांनी मास्क लावलेला दिसला, तेव्हा त्यांचा विरोध मावळला. तरी इलॅस्टिकची पट्टी अंबाड्याच्या आकड्यात अडकली, म्हणून विमान खाली येईपर्यंत तो पेला मी हातानेच त्यांच्या नाकातोंडावर दाबून धरला होता. इंदूरला उतरलो, आणि दुसऱ्या विमानाने मध्यरात्रीनंतर दाबोळीला पोचलो.

सासूबाईंनी ही हकिकत गावभर हसत सांगितली: ‘सुनेने आधी आपल्याला लावला, मग मला.’ माझ्या नणंदेने ती हसण्यावारी नेली नाही. त्या विमानात नसतानाही त्यांनी निकाल दिला की सुनेला स्वतःचा जीव प्यारा. सासूबाई 2021 मध्ये वारल्या, तेव्हा बाराव्याला पान वाढता वाढता वन्सनी तेच पुन्हा काढले.

वन्स, पस्तीस हजार फुटांवर हवेचा दाब एकाएकी गेला तर माणसाचे भान अर्धा ते एक मिनिट टिकते. समजूत घालणारीच बेशुद्ध झाली असती तर आईंना मास्क कोणी लावला असता? शिवाय ऑक्सिजन कमी पडताना जीव गुदमरत नाही. डोके सुन्न होते, बोटे नीट चालत नाहीत, आणि माणसाला मात्र सगळे ठाकठीक वाटते. 14 ऑगस्ट 2005 रोजी सायप्रसहून अथेन्सला निघालेल्या बोइंग विमानात दाबाची कळ चुकीच्या स्थितीत राहिली होती. प्रवाशांचे मास्क खाली आले, पण वैमानिकांना इशारा उमजलाच नाही आणि ते बेशुद्ध झाले. विमान बराच वेळ आपोआप उडत राहिले, शेवटी इंधन संपून कोसळले, आणि 121 माणसे गेली. आधी स्वतःला, मग दुसऱ्याला, हा नियम अशा अनुभवांमुळे आहे. त्यात सून-सासू काही नाही.

आता माझ्या विरोधात जाणारी गोष्टही सांगितली पाहिजे. आमच्या विमानातला दाब हळूहळू गेला होता. मास्क केबिनमधली हवा साधारण चौदा हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ झाली की सुटतात, त्यामुळे आमच्या हाताशी काही मिनिटे असावीत, आणि मी त्यांना आधी लावला असता तरी बहुधा चालले असते. शिवाय हे सगळे ज्ञान नंतरचे. त्या क्षणी मी नियम आठवून नव्हे, घाबरून मास्क ओढला.

राहिला आपला प्रश्न. उतरताना कान दुखतात; आवंढा गिळत राहावे. सर्दी असेल तर त्रास जास्त होतो. सासूबाईंचा एक कान दोन दिवस बंद होता. वृद्ध माणसाला आपल्या लगतच्या आसनावर बसवावे आणि अंबाडा असेल तर आकडे काढून साधी वेणी घालावी. आमच्या विमानात सूचना हिंदी आणि इंग्रजीत झाल्या आणि त्यांतले एक अक्षर सासूबाईंपर्यंत पोचले नाही. म्हणून मास्क म्हणजे काय, तो आपण आधी स्वतःला का लावणार आहोत, हे घरीच, निघण्यापूर्वी, आपल्या भाषेत सांगून ठेवावे. त्याचे पैसे पडत नाहीत, हेही.