रंगमंच : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : देवळाच्या उत्सवात मी दरवर्षी संगीत नाटकात काम करतो. आता एका संस्थेने 'सौभद्र'मधील कृष्णासाठी ऑडिशन ठेवली असून, 'नच सुंदरी करू कोपा' हे पद आधीच्या संवादासह म्हणून दाखवायचे आहे. पट्टी कोणती धरावी आणि ताना किती घ्याव्यात?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : पेटीवरची काळी एक किंवा पांढरी दोन या पट्ट्या (पट्टी म्हणजे ज्या सुराला 'सा' मानून गायचे तो सूर) बऱ्याच पुरुषांना सोयीच्या पडत असल्या, तरी आपली पट्टी रियाजाच्या बैठकीत ठरवू नये. उभे राहून, संवाद पूर्ण आवाजात म्हणून झाल्यावर पदातला सर्वांत वरचा सूर ज्या पट्टीत ताण न देता लागेल, तीच धरावी. त्यासाठी अर्धा सूर खाली यावे लागले तरी संकोच वाटू देऊ नये.

तानांविषयी मात्र माझे मत थोडे कडक आहे. मंगेशीच्या दीनानाथांचा वारसा सांगणाऱ्या आपल्या गोव्यात गळा तयार असलेल्यांची उणीव नाही आणि बहुधा म्हणूनच आपले उमेदवार पद सुरू झाले की नाटक विसरतात. येथे कृष्ण रुसलेल्या रुक्मिणीची समजूत काढत आहे. ती कोठे बसली आहे, तोंड कोणत्या बाजूला फिरवले आहे, हे आधी नक्की करावे आणि पहिली ओळ तिच्याकडे पाहून म्हणावी. परीक्षकांची नजर असते ती गद्यातून पदात जाण्याच्या जागेवर. संवादाचे शेवटचे वाक्य संपताच पेटीकडे पाहून सूर मिळेपर्यंत थांबलात, तर तेवढ्या वेळात कृष्ण नाहीसा होऊन गवई उरतो. त्यामुळे ते शेवटचे वाक्यच षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या, आसपास आणून ठेवण्याचा सराव साथीदाराबरोबर करावा. दोन लहान ताना पुरेत, आणि त्याही ती अजून मानत नाही म्हणून घेतल्यासारख्या वाटाव्यात.

आणखी एक गोष्ट, विचारली नसली तरी सांगतो. घरी कोकणी बोलणाऱ्यांच्या मराठीत 'अ' किंचित गोल होतो. गाण्यात तो खपून जातो, संवादात कानाला लागतो. उतारा ध्वनिमुद्रित करून एकदा नीट ऐकावा.

प्रश्न : माझ्या मुलीला मुंबईत एका इंग्रजी म्युझिकलच्या ऑडिशनसाठी '16 बार' तयार करून आणायला सांगितले आहे. एवढ्याशा वेळात काय दाखवणार?
– एक आई, मडगाव

उत्तर : बार म्हणजे पाश्चात्त्य संगीतातला तालाचा एक खंड. चार मात्रांच्या तालात 16 बार म्हणजे 64 मात्रा, मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत त्या जेमतेम 32 सेकंदांत संपतात. म्हणून गाण्याची सुरुवात न घेता, ज्या ठिकाणी पात्राचा निर्णय होतो तो शेवटाकडचा तुकडा बहुधा सोयीचा ठरतो. स्वरलिपीचे कागद तिच्याच पट्टीतले असावेत, कारण अनोळखी पियानोवादकाला ऐनवेळी पट्टी बदलायला सांगणे जोखमीचे असते. आरंभ आणि शेवट त्यावर ठळक खुणेने दाखवावेत. लय सांगताना चुटक्या वाजवू नयेत (वादकांना ते उर्मट वाटते), एक ओळ हलक्या आवाजात गुणगुणून दाखवावी. गाताना नजर परीक्षकांच्या डोक्यांच्या थोडी वर ठेवावी. थेट त्यांच्या डोळ्यांत पाहून गायले की त्यांना लिहिताही येत नाही.

प्रश्न : वय 45, रंगमंचाचा अनुभव शून्य. ऑडिशनला जावे का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : अवश्य जावे. परंतु त्याआधी, कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठी तुमच्या परिसरातील एखादे मंडळ नाटक बसवत असेल, तर तेथे प्रॉम्प्टिंगला (नटांना आडून संवाद सुचवायला) बसण्याची परवानगी मागावी. नवख्यांची अडचण अभिनयापेक्षा हातात आलेले संवाद न अडखळता वाचण्याची असते, आणि प्रॉम्प्टरला ती सवय आपोआप लागते. ऑडिशनच्या दिवशी कागद छातीच्या उंचीवर धरावा, वाक्याचा शेवट डोळ्यांनी आधी टिपावा आणि तो समोरच्या माणसाकडे पाहून म्हणावा. चुकल्यास क्षमा न मागता पुढे जावे.