सूप ‘ओल्दू’ की ‘ओलमुश’?

“ताई, सूप मी स्वतः चाखलं. मग ते ऐकीव कसं?”

अंकाराहून व्हिडिओ कॉलवर आलेली ती मुलगी रडकुंडीला आली होती. शिष्यवृत्तीवर एम.ए.ला गेलेली, त्याआधी वर्षभर तुर्की शिकायची. घरमालकीणबाईंनी मसूर डाळीचं सूप दिलं, हिने दाद दिली, ‘चोक ग्युझेल ओल्दू’, फार छान झालं. बाईंनी हसत दुरुस्त केलं, ‘ओलमुश.’ झालं, तेव्हापासून हिचं तोंड बंद. परदेशी भाषा शिकणारी बरीच मुलं माझ्याकडे हीच काळजी घेऊन येतात: तक्ते पाठ आहेत, पण बोलायला गेलं की वाचा बसते, भाषा आपल्याला जमणारच नाही.

तिच्या वहीत होतं: ‘दी’ म्हणजे पाहिलेलं, ‘मिश’ म्हणजे ऐकलेलं. (आधीच्या स्वराप्रमाणे त्यांचेच ‘दू’ आणि ‘मुश’ होतात.) खरं, पण अर्धवट. ‘गेल्दी’ म्हणजे आला, मी पाहिला. ‘गेल्मिश’ म्हणजे आला म्हणे. किंवा दाराशी चपला दिसतायत, म्हणजे आलाय वाटतं.

“आईची आमटी भुरकल्यावर काय म्हणतेस?”

“छान झालीये.”

“‘छान झाली’ का नाही?”

ती गप्प. आमटी होताना आपण तिथे नसतो, समोर येते ती झालेली आमटी. सूपही तसंच, म्हणून ‘ओलमुश’.

विभक्तीची भीती तर उगाचच होती. एव घर, एवदे घरात, एवदेन घरातून. आपल्यासारखं ‘घर’चं ‘घरा’ करण्याचीही कटकट नाही. अडायची ती कर्माला लागणाऱ्या ‘ई’वर. ‘किताप ओकुदुम’ म्हणजे पुस्तक वाचलं, कुठलंही. ‘किताबी ओकुदुम’ म्हणजे ते अमुक पुस्तक. मी म्हटलं, “‘मुलगी पाहिली’ आणि ‘मुलीला पाहिलं’ यातला फरक कळतो ना?” ती खळखळून हसली; घरी तिच्याच लग्नाचा विषय चालू होता.

काही ठिकाणी मात्र मराठी कामाला येत नाही. आपण बसमध्ये चढतो, तुर्क ‘बसला’ चढतात, ओतोब्युसे. कुत्र्याला भ्यायचं तर ‘कुत्र्यापासून’, म्हणजे पंचमी. शाळेतलं ‘चोरात् बिभेति’ तिला लगेच आठवलं. अशी क्रियापदं प्रत्ययासकट घोकावीच लागतात. मीही घोकली होती.

तीन आठवड्यांनी तिचा मेसेज आला. सकाळचा वर्ग बुडाला होता, वर्गाच्या बाईंना तिने लिहिलं होतं, ‘उयुयाकालमिशिम’. डोळा लागला, कळलंच नाही. खाली मला विचारलं होतं, “ताई, इथे ‘दी’ लावला असता, तर झोप लागताना मी स्वतःला बघत होते असं झालं असतं ना?”