अंतराची सुई टोचण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

उपकेंद्रात रुजू झालीस की अंतराचं, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणूनचं, इंजेक्शन द्यायला तू चटकन शिकशील. अवघड आहे ते बाईशी बोलणं, आणि ती दुसऱ्या डोसला परत येते की नाही हे त्यावरच ठरतं.

आधी तुझं तुला पक्कं असू दे. स्त्रीबीज बाहेर पडलं की अंडाशयातली त्याची रिकामी पुटी जवळपास 14 दिवस प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार करते. त्यातून मेंदूला निरोप जातो की इतक्यात दुसरं बीज नको. मग बीज सुटायला लावणाऱ्या एलएच या हार्मोनची उसळी येत नाही. अंतरातलं 150 मिलीग्रॅम मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हाच निरोप तीन महिने देत राहतं, त्यामुळे बीज सुटतच नाही. शिवाय गर्भपिशवीच्या तोंडावरचा स्राव घट्ट होतो आणि शुक्राणूंची वाट अडते.

बायका इंजेक्शन सोडतात ते बहुतेकदा पाळीमुळे. सुरुवातीचे महिने अधूनमधून डाग पडतात. वर्षभराने जवळपास निम्म्या जणींची पाळी थांबते. थांबली की "घाण रक्त आत साचतंय" म्हणून जीव धास्तावतो. तिला सांग, पिशवीचं अस्तर जाडच होत नाही, तर बाहेर पडणार काय? आणि हे सुई टोचण्याआधी सांग. नंतर सांगितलंस तर तिला ती सारवासारव वाटते. फार रक्त जात असेल तर मात्र डॉक्टरांकडेच पाठव.

पहिला डोस डॉक्टरांनी तपासल्याशिवाय देऊ नकोस. स्तनाचा कर्करोग, कारण न कळलेला रक्तस्राव, 160/100 किंवा त्यावरचा रक्तदाब असेल तर अंतरा नाही. अंगावर पाजणारीला बाळंतपणानंतर 6 आठवड्यांनी.

कुपी भरण्याआधी चांगली हलव. औषध तळाशी बसतं. पांढरा थर तसाच राहिला तर डोस कमी जातो. दंडात किंवा कुल्ल्यावर, खोल स्नायूत दे. नंतर ती जागा चोळू नकोस, आणि घरी शेकू नको असं तिलाही बजाव. औषध लवकर शोषलं गेलं तर तीन महिने पुरत नाही.

पाळी सुरू झाल्यापासून 7 दिवसांत दिलंस तर संरक्षण लगेच मिळतं. एरवी दिवस गेलेले नाहीत याची खात्री कर आणि पुढचे 7 दिवस कंडोम वापरायला सांग. पुढची तारीख कार्डावर तिच्यासमोर लिही. 2 आठवडे आधी किंवा 4 आठवडे उशिरा आली तरी डोस देता येतो, तिला परत पाठवू नकोस.

छाया या गर्भनिरोधक गोळीशी याची गल्लत करू नकोस. तिच्यात हार्मोन नसतं.

नवी लग्न झालेली मुलगी समोर असेल तर मूल कधी हवंय ते आधी विचार. अंतरा बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या सुईपासून साधारण 7 ते 10 महिने लागतात. वर्षभरात मूल हवं असेल तर तिला दुसरं साधन सुचव.