शातो: किल्ला, गढी की वाडा?

प्रश्न असा आला आहे: फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातला शनाँसोचा 'शातो' पाहून आले, आता प्रवासवर्णन लिहितेय. तिथे ना तट, ना तोफा. 'किल्ला' लिहिताना हात अडतो. मग काय लिहू?

हात अडला ते बरंच झालं. शब्दाचं मूळ मात्र लष्करी आहे. लॅटिन 'कास्त्रुम' म्हणजे तटबंदीची जागा, त्याचं लघुरूप 'कास्तेल्लुम'. जुन्या फ्रेंचमध्ये ते 'शास्तेल' झालं, पुढे 'स' गळाला. 'शातो' लिहिताना फ्रेंच लोक 'आ'च्या डोक्यावर छोटं छप्पर काढतात, ती त्या गेलेल्या 'स'ची खूण. आपल्याकडेही गडाचं लघुरूप गढी. घडणीच्या दृष्टीने शातोचं सख्खं भावंड गढीच आहे, आणि हे जुळलेलं पाहून मला फार आनंद होतो.

पण अर्थ कुठल्या कुठे पसरला. मार्सेयसमोरच्या बेटावरचा, तुरुंग म्हणून गाजलेला दीफचा शातो. त्याला आपण जंजिरा म्हणू. व्हर्सायचाही शातोच, पण तो राजवाडा. पाण्याच्या उंच टाकीलासुद्धा फ्रेंचमध्ये 'पाण्याचा शातो' म्हणतात! म्हणजे एकच मराठी शब्द सगळीकडे चालणार नाही, वास्तू पाहूनच ठरवायला हवं.

आता शनाँसो. राजाच्या खजिन्याचा अधिकारी तोमा बोइए याने 1513 मध्ये ही जागा घेतली, जुना किल्ला पाडला आणि एक गोल बुरूज तेवढा ठेवला. तो आजही दारात उभा आहे. बांधकामावर देखरेख केली ती त्याच्या बायकोने, कातरीन ब्रिसोनेने. पुढे वास्तू राजाकडे गेली. 1547 मध्ये दुसऱ्या हेन्रीने ती आपल्या लाडक्या दियान द प्वातिएला दिली आणि तिने शेर नदीवर पूल बांधला. 1559 मध्ये राजा गेला. राणी कातरीन द मेदिसीने दियानला शोमोंचा शातो घ्यायला लावून शनाँसो सोडायला भाग पाडलं, आणि त्याच पुलावर 60 मीटर लांबीचं दालन चढवलं. खाली काळ्या-पांढऱ्या फरश्या, दोन्हीकडे खिडक्या, खिडक्यांखाली वाहती नदी. 1589 मध्ये तिच्या मुलाचा, तिसऱ्या हेन्रीचा खून झाला. त्याची विधवा लुईज इथेच राहिली. तिच्या खोलीच्या काळ्या भिंतींवर रुपेरी अश्रू रंगवलेले आहेत.

हा सगळा इतिहास वेढ्यांचा नाही, घरातल्या माणसांचा आहे: कोणी बांधलं, कोणाला मिळालं, कोणी कोणाला बाहेर काढलं. असा इतिहास मराठीत वाड्याला असतो. वाडा म्हटला की चौक आठवतो आणि इथे मधला चौक नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. तरी माझं मत वाड्यालाच. पहिल्यांदा 'शातो' लिहून अर्थ सांगा, नंतर खुशाल 'नदीवरचा वाडा' म्हणा.

एक सूचना. 'शनाँसोचा रंगीत भूतकाळ' असं लिहू नका. रंगीत कापड असतं. माणसं रंगेल असतात, हकिकती रंगतदार.

आणि 'शातो' फोटोसारखा चालवा: तो शातो, शातोत, शातोचा. अनेकवचनीही शातोच. फ्रेंच लेखनात शेवटी एक अक्षर वाढतं, पण उच्चार तोच राहतो.