कंसातली काकू

प्रिय ‘ना साताऱ्याचा, ना एडिसनचा’,

तुझे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. आई-वडील नोकरीसाठी अमेरिकेत गेले म्हणून आठव्या वर्षापर्यंत तू साताऱ्याला काका-काकूंकडे वाढलास आणि नंतर न्यू जर्सीत एडिसनला गेलास. धाकटी बहीण तिथे जन्मल्यामुळे अमेरिकन नागरिक आहे. तू मात्र अजून वडिलांच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-फोर व्हिसावर आहेस, आणि एकविसाव्या वाढदिवसाला तोही आधार सुटतो. तो वाढदिवस पाच महिन्यांवर आला असताना तू मला विचारतोस, ‘मी नक्की कोणाचा?’

व्हिसाचे आधी उरकू. कॉलेजातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात याच आठवड्यात जा आणि एफ-वन या विद्यार्थी-व्हिसाचा अर्ज कर, कारण त्याला महिने लागू शकतात. ग्रीन कार्डाची रांग हलत नाही ती दर वर्षीच्या कार्डांपैकी एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा आहे म्हणून; तिचा तुझ्या लायकीशी संबंध जोडू नकोस.

आता तिसऱ्या पानावरचा कंस. ‘मम्मी जवळ असली की मी फोनवर काकूला काकू म्हणतो, एरवी आई. काकू म्हटले की ती जेवलास का, एवढेच विचारून फोन ठेवते.’ कंस पुरा करून तू पुन्हा पासपोर्टाकडे वळलास, मला मात्र पुढे जाववेना. गेली बारा वर्षे त्या बाईला तुझ्या पहिल्याच शब्दावरून ओळखावे लागते की आज खोलीत कोण आहे आणि आपण किती बोलायचे.

मम्मीला वाईट वाटेल, असे तू म्हणशील. वाटू दे. मुलाला दिराच्या घरी ठेवणे हा तिचा नाइलाज असेलही, पण त्याची भरपाई जाऊबाईंनी आपले ‘आई’पण गिळून करावी, हे मला मान्य नाही. देवकी-यशोदेचा दाखला तूच दिला आहेस, तर हेही आठव की मथुरेहून कृष्णाने गोकुळात उद्धवाला पाठवले, स्वतः गेला नाही; म्हणून तो दाखला देताना मी तुझ्या जागी असते तर जरा बिचकले असते.

येत्या रविवारी मम्मी शेजारी बसलेली असताना साताऱ्याला फोन लाव, स्पीकर चालू ठेव आणि ‘आई’ अशी हाक मार. कोणालाही खुलासा देऊ नकोस. पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही तरी फोन ठेवू नकोस, आणि तिने जेवलास का विचारले, तर काय जेवलास ते नीट, सविस्तर सांग.