दोन लाखांचा कन्सोल आत्ता नको, डॉल्बी तर नकोच

प्रश्न: मुलगा सायन्समधून दुसरी पीयूसी (बारावी) पास झाला, सीईटीही दिली. आता म्हणतो, इंजिनिअरिंग नको, 'ड्रम अँड बेस'चा डीजे आणि प्रोड्युसर होणार. दोन लाखांचा कन्सोल (डीजेचं गाणी मिसळायचं यंत्र) घेऊन द्या. माझे चार यंत्रमाग आहेत. त्यापेक्षा कर्ज काढून डॉल्बीच टाकून देऊ का? गणपतीत, शिवजयंतीत भाडं तरी येईल. – एक पालक, वडगाव, बेळगाव

नमस्कार. डॉल्बी आणि तुमच्या मुलाला हवंय ते काम, हे दोन निराळे धंदे आहेत. डॉल्बी म्हणजे सामान भाड्यानं देणं: स्पीकर, जनरेटर, गाडी, चार हमाल आणि ऐन मिरवणुकीत पोलिसांशी हुज्जत. कमाईचे दिवस मोजके, बँकेचा हप्ता बारा महिने. शिवाय 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद (सणासुदीला सरकार थोडे दिवस बारापर्यंत सूट देतं) आणि वस्तीत दिवसाची मर्यादा 55 डेसिबल. कर्ज काढून पोलिसांच्या परवानगीवर धंदा उभा करू नका. मुलानं तो मागितलेलाही नाही.

त्याचं संगीत 1990 च्या दशकात इंग्लंडमध्ये घडलं. मिनिटाला 170-175 ठोके, कापून पुन्हा जोडलेले ड्रम आणि त्याखाली संथ, जाड बेस. रोनी साइझच्या 'रेप्राझेंट' गटाला 1997 मध्ये तिथला मर्क्युरी पुरस्कार मिळाला आणि 1999 मध्ये तोच पुरस्कार तबला आणि असले ठेके एकत्र आणणाऱ्या तलविन सिंगला. म्हणजे पोराचं खूळ अगदीच हवेतलं नाही. पण चोर्ला घाट उतरून गोव्याच्या क्लबांत गेलात तर हाउस, टेक्नो, सायट्रान्सच जास्त ऐकू येतं. नुसतं ड्रम अँड बेस वाजवून त्याचा प्रपंच चालेल, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

त्याच्या मागणीतला 'प्रोड्युसर', म्हणजे संगीत स्वतः घडवणारा, हा शब्द मात्र मी धरून ठेवीन. जो ड्रमचा एकेक ठोका घासूनपुसून बसवतो, बेस आणि किक (ड्रमचा जड ठोका) एकमेकांत मिसळून गढूळ होऊ देत नाही, त्याला इतरांची गाणी मिक्स करणं, जाहिराती, लघुपट, गेम यांचा ध्वनी करणं ही कामंही जमतात. मराठी आणि कन्नड दोन्ही येत असेल तर कोल्हापूर आणि हुबळी, दोन्हीकडची कामं घेता येतील. हे काम संगणकावर होतं, त्यासाठी कन्सोल लागत नाही.

म्हणून आत्ता बरा लॅपटॉप आणि चांगला बंदिस्त हेडफोन एवढंच घ्या. रीपर हे संगीत करायचं सॉफ्टवेअर साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं, पुढचा वैयक्तिक परवाना साठ डॉलरचा. एफएल स्टुडिओ या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत जतन केलेलं काम पुन्हा उघडत नाही, ते लक्षात असू द्या. सहा महिन्यांत चार ट्रॅक शेवटपर्यंत पूर्ण करून दाखव, असं त्याला सांगा. आठ ठोक्यांचे तुकडे पन्नास जण करतात; पाच मिनिटांचा ट्रॅक संपवताना बहुतेकांची दमछाक होते. ते जमलं तर वीस-तीस हजारांचा साधा कंट्रोलर (लॅपटॉपला जोडायचा छोटा कन्सोल) घेऊन द्या. दोन लाखांचं नंतर बघू.

आवाज शक्यतो त्यानं स्वतः रेकॉर्ड करावेत. तुमच्या मागाची खटखट, झांजपथक, हलगी. या शैलीत सर्वाधिक वापरला गेलेला ड्रमचा तुकडा 1969 च्या एका अमेरिकन रेकॉर्डवरचा, जेमतेम सात सेकंदांचा. तो हजारो गाण्यांत वाजला, पण वाजवणाऱ्या ग्रेगरी कोलमनला त्याची रॉयल्टी मिळाली नाही. उलट बाजूनं, दुसऱ्याचं रेकॉर्डिंग वापरायचं तर ध्वनिमुद्रणाच्या आणि गाण्याच्या मालकाची अशी दोन्ही परवानगी लागते. स्वतःच्या रचना प्रसिद्ध झाल्या की आयपीआरएस या, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घ्यावं. करार न वाचता सही करू नये, हे तुम्हीच त्याला शिकवा. सुताच्या व्यापाऱ्यांशी तुमचा व्यवहार आहेच.

कानांचंही सांगतो. 85 डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभरला पंधरा मिनिटं. मागाच्या शेडमध्ये ज्यांची उमर गेली, त्यांचं ऐकणं कसं होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. या कामात कान गेले की सगळंच गेलं. इअरप्लग पहिल्या दिवसापासून.

आता शिक्षण. इंजिनिअरिंग नको म्हणतो, पण इलेक्ट्रॉनिक्समध्ये सिग्नल प्रोसेसिंग शिकवतात, आणि इक्वलायझर, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब ही आवाज घडवायची साधनं आतून त्यावरच चालतात. हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तुम्ही सांगा, पण गळ्यात मारू नका; बीएस्सी इलेक्ट्रॉनिक्सही चालेल. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेतल्या ध्वनीच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते, म्हणून पदवी सोडायची नाही, एवढ्यावर ठाम राहा. चेन्नईला ए. आर. रहमान यांचं केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी आहे, पण तिकडचा विचार चार ट्रॅक ऐकल्यानंतर.

सीईटीची ऑप्शन एन्ट्री (कॉलेजांची पसंती भरणं) चुकवू नका. इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन आणि बेळगावातली कॉलेजं वर ठेवा, म्हणजे घरी राहून रात्री काम करता येईल. कर्जासाठी बँकेत कागद दिले असतील तर ते परत घ्या.